चुरीकाकांचा नववा डाव

आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमधून सकाळी साडेसातच्या सुमारास एक माणूस ओरडतो, "नको! त्याला नको आणू रे! मेलो!"

आम्ही विरारला फुलपाड्यात राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी हे ऐकलं आणि नवऱ्याला वर पिटाळलं. तो हातात लाटणं घेऊनच गेला. दार उघडलं ते पासष्टीच्या एका किरकोळ माणसाने. अंगात बनियन, डोक्यावर कानांपर्यंत उतरलेली भली मोठी बेसबॉलची टोपी.

"काय झालं काका?"

"दोन धावांची आघाडी आहे, आणि जबड्याला आणला," काका म्हणाले आणि दार लावून घेतलं.

हे प्रभाकर चुरी. मूळचे वसईकडचे वाडीवाले. केळी, पानवेली, विहीर असं सगळं अजून तिकडे भावाकडे आहे. भावाशी फोनवर बोलताना ते घरची बोली बोलतात, ती मला निम्मी कळत नाही. आमच्याशी मात्र सरळ मराठी, आणि मला 'बाय' म्हणतात. पंचवीस वर्षं ते अंधेरीच्या एका ऑफिसात अमेरिकेतल्या बेसबॉल सामन्यांचे आकडे संगणकात भरत होते. कोणी किती चेंडू टाकले, किती मार खाल्ला, सगळं. मैदानावर जाऊन एकही सामना पाहिलेला नाही, पण खेळ असा भिनला की निवृत्तीनंतर फँटसी बेसबॉल खेळायला लागले. म्हणजे खऱ्या खेळाडूंमधून आपली कागदी टीम करायची, आणि ते तिकडे खरे कसे खेळतात त्यावर इकडे आपल्याला गुण. त्यांच्या गटात बाराजण होते. अकरा अमेरिकन आणि एक विरारचा. काकांच्या टीमचं नाव 'अर्नाळा बोंबील'.

त्यांचा जीव अडकलेला असायचा तो रिलीफ पिचरमध्ये. काका त्यांना 'मागाहूनचे' म्हणत. मुख्य गोलंदाज दमला की हे लोक मागाहून येतात, आणि सगळ्यात भरवशाचा नवव्या, शेवटच्या डावात. "आठ डाव दुसऱ्याने सांभाळलेलं घर याच्या हातात देतात, बाय. याने एक चेंडू चुकवला की घर जळालं. काय सांगता येत नाही!"

'काय सांगता येत नाही' हे त्यांचं ब्रीदवाक्य. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत ते जिन्यात उभे राहत. लिफ्टमध्ये कधी पाऊल टाकलं नाही. बोंबलाचा काटा मऊ असतो हे जन्मापासून माहीत असून चष्मा लावून तपासत. सोसायटीची सहल चिंचोटीच्या धबधब्यावर निघाली तेव्हा हा माणूस फाटकाशी दोरखंड घेऊन आला. "मी येत नाही. हा तेवढा न्या."

पण या सगळ्या भीतींची राणी नववा डाव. त्यासाठी जाड वही होती. प्रत्येक मागाहूनच्याची गेल्या पंधरा दिवसांची कामगिरी तिच्यात. काल टाकले का, परवा टाकले का, वेग कमी झाला का, चेंडू टाकल्यावर खांदा चोळला का. खेळाडूंची नावं मात्र स्वतःची. सतत काहीतरी चघळणारा तो जबडा, मार खाल्ला की आभाळाकडे बघणारा तो रडका, लग्न ठरल्यापासून बिघडलेला तो जावई. मी दूध घ्यायला खाली निघाले की जिन्यात अडवून सांगत, "जावई तीन दिवस लागोपाठ टाकतोय. आज मोडणार." मी मान हलवायची. मी सातवीला इंग्रजी शिकवते, मला क्रिकेटमधला लेगबाय कळत नाही.

गटातल्या अकरा अमेरिकनांपैकी काकांचा संबंध एकाशीच होता. ओहायोतल्या कुठल्याशा लहान गावातला वॉल्टर. त्याची टीम 'गंजके ट्रॅक्टर'. सहा वर्षं दोघं रोज सकाळी एकमेकांना दोन ओळी लिहायचे. घरी कोण आहे, तब्येत कशी, असलं काही नाही. 'जबडा थकलाय.' 'बघितलं. बसवतो.' संपलं. ती मोठी टोपीही वॉल्टरनेच पाठवलेली. काकांनी उलट चिकू वेफर्स पाठवले. ते अमेरिकेत पोचले की कस्टमवाल्यांनी खाल्ले, ते कळलं नाही.

गेल्या जुलैमध्ये एका मंगळवारी ओरडण्याऐवजी काका स्वतःच खाली आले. हातात वही, चेहरा पांढरा.

"बाय, वॉल्टरने जबड्याला टीममधून काढला नाही."

"मग?"

"जबड्याचा खांदा गेलाय. परवा जाहीर झालं. तो आता टाकणारच नाही. असा माणूस कोण टीममध्ये ठेवतं? वॉल्टर तर सहा वर्षांत एकदाही विसरला नाही. काल नाही काढला, मला वाटलं झोपला असेल. आज पण नाही. दोन निरोप पाठवले, उत्तर नाही."

"बाहेरगावी गेले असतील."

"तो बाहेरगावी जात नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

काकांनी वही मिटली. मग म्हणाले, "सहा वर्षं रोज तिकडच्या रात्री साडेनऊला घरी असतो तो माणूस. मी पण असतो ना."

मला हसू येत होतं, पण काका दारातून हलेनात. टोपीचा खोका त्यांनी जपून ठेवला होता, त्यावर वॉल्टरचा पत्ता होता. गावाच्या पोलिसांचा नंबर आम्ही मोबाइलवर शोधला. "तू इंग्रजी शिकवतेस," काका म्हणाले. मी सातवीची 'माय व्हिलेज' शिकवते हे सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. शाळेत उशीर होणार असं कळवलं, परदेशी कॉलचं रिचार्ज मारलं, आणि आम्ही दोघं त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो.

आता मलाही भीती वाटायला लागली. भारतातून अनोळखी बाईचा फोन, तोही एका म्हाताऱ्याची चौकशी करणारा! इकडून तिकडच्या म्हाताऱ्यांना फोन करणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या आपण वाचतोच. मला तिथले पोलीस फुलपाड्यात येऊन उभे राहिलेले दिसायला लागले.

फोन एका बाईने उचलला. मी पाठ केलेली वाक्यं म्हटली.

"तुमचं त्यांचं नातं काय?" तिने विचारलं.

"माझे काका त्यांच्याबरोबर बेसबॉल खेळतात."

"कुठे?"

"ते ओहायोत आणि काका विरारमध्ये."

ती फोन ठेवणार असं वाटलं. "फँटसी बेसबॉल," मी घाईने म्हटलं आणि जबड्याचं खरं नाव काकांना विचारून सांगितलं. खांदा दुखावलाय, तरी दोन दिवस त्याला टीममधून काढलेलं नाही.

"थांबा," ती बाई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "त्याला? दोन दिवस ठेवलाय?"

"हो."

"माझा भाऊ खेळतो हे. त्याने तर पाच मिनिटांत काढला असता." मग टाइप केल्याचा आवाज आला. "गाडी पाठवते. तुमचा नंबर द्या."

फोन ठेवला. काका ओट्याशी जाऊन परत आले. पुन्हा गेले. चहाचं आधण ठेवलं, गॅस पेटवायला विसरले. शेवटी खुर्चीत बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर घेतली. त्यांचं टक्कल मी पहिल्यांदाच पाहिलं.

"गेला असला तर?" ते हळूच म्हणाले.

माझ्याही मनात तेच होतं. मी कधी न पाहिलेल्या माणसाच्या मरणाची बातमी माझ्या फोनवर येणार होती, आणि ती मला मराठीत सांगावी लागणार होती. काका वहीचं एकच पान उलटसुलट करत होते. खाली भाजीवाला ओरडत होता. पन्नास मिनिटं गेली.

फोन वाजला तेव्हा काका उठून गॅलरीत गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी ऐकलं. दोनदा विचारून खात्री केली. मग म्हटलं, "काका, जिवंत आहेत."

वॉल्टर स्वयंपाकघरात पडला होता. खुब्याचं हाड मोडलेलं, आदल्या दिवशी सकाळपासून तिथेच. अंगात पाणी राहिलं नव्हतं, पण शुद्ध होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. आणखी एक दिवस गेला असता तर कठीण होतं, असं ती बाई म्हणाली.

काकांनी वळून पाहिलं नाही. गॅलरीचा कठडा धरून ते नुसतं "बरं, बरं, बरं" म्हणत राहिले.

तीन आठवड्यांनी वॉल्टरचा निरोप आला. ऑपरेशन झालं होतं. आभार वगैरे एका ओळीत, आणि खाली, 'मी पडलेला असताना रडक्याला कोणी पळवला?' काकांनीच पळवून आपल्या टीममध्ये घेतला होता. त्यांनी तो परत केला.

त्यानंतर एका संध्याकाळी ते आमच्या दारात आले, चपलेत पाय सरळ करत उभे राहिले. "बाय, तुझ्या मोबाइलवर माझी टीम दिसेल असं करून देऊ? खेळायचं नाही. सकाळी शाळेत जायच्या आधी फक्त बघायचं, मी काही बदललंय का. रोज काहीतरी बदलतोच मी." काकू जाऊन आठ वर्षं झालेली, वर ते एकटेच होते. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला.

महिनाभर मी रोज बघत होते. रोज एखादं नाव बदललेलं असायचं. मग एका गुरुवारी पाहिलं, तर सगळं कालचंच. पावणेआठ झाले. वरून ओरडण्याचा आवाजही नाही. मी पोळी तव्यावर टाकून धावले. लिफ्ट सुचलीच नाही, जिने दोन-दोन करत चढले, आणि दार दोन्ही मुठींनी बडवायला लागले. "काका! काका!"

दार लगेच उघडलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. आत टेबलावर दोन कप होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, आणि त्यांची मान खाली गेली.

"मुद्दामच बदललं नाही," ते म्हणाले. "एकदा बघायचं होतं, कोणी येतं का."

मी इतकी चिडले होते की परत फिरणार होते. पण टेबलावरचे दोन कप दिसले, आणि आत जाऊन खुर्चीत बसले. काकांनी मला पाणी दिलं आणि समोर उभे राहिले, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे.

"पुन्हा नाही करणार," ते म्हणाले. "चहा घेशील?"

खालून पोळी जळल्याचा वास यायला लागला होता. मी म्हटलं, "घेते."