साहेबांच्या शांततेचं बटण

"जगात दोनच प्रकारची माणसं," मामा म्हणतात. "एक गुन्हेगार, दुसरा मी."

उरलेल्यांत मी येते: त्यांची भाची, कचेरीतली टायपिस्ट आणि त्यांच्या तपासाची वही सांभाळणारी. मामा त्याच कचेरीत पाकिटांना तिकिटं चिकटवतात. आजवरची प्रकरणं अकरा, सुटलेली शून्य, 'जवळजवळ सुटलेली' अकरा.

बारावं जरा गंभीर होतं. साहेब दार लावून जे बोलत, ते तासाभरात गोदामातल्या हमालांच्या तोंडी असे. सोमवारी फुटलं की साहेब केस रंगवतात. बुधवारी त्यांची मूळव्याध. संशय टेलिफोन ऑपरेटरबाईंवर. नोकरी बावीस वर्षांची. शुक्रवारी पाचपर्यंत खरा चोर सापडला नाही तर त्यांनी राजीनामा द्यायचा.

शुक्रवारी चार वाजता मामा साहेबांच्या खोलीत भिंग घेऊन रांगत होते.

"कुंडीत यंत्र लपवलंय." माती उपसली. गांडूळ निघालं.

"मग घड्याळात." घड्याळ बंद पडलं.

"साहेब, तुम्ही झोपेत बोलता?"

"कचेरीत?"

"हो."

साहेब बंद घड्याळाला किल्ली देऊ लागले. मी नोंद केली.

"मी चोरून ऐकत असते," ऑपरेटरबाई दारातून म्हणाल्या, "तर मूळव्याधीवर औषध नसतं सांगितलं?"

"पण बाहेर जाईलच कसं?" साहेब म्हणाले. "बोलण्याआधी मी फोनचा आवाज बंद करणारं 'शांतता'चं बटण दाबतो. हे असं." फोनवर तांबडा दिवा लागला.

थोड्या वेळानं झाडूवाल्या मावशी गोदामातून वर आल्या. "साहेब, भोंगा सुरू झालाय. हमाल खाली बसून वाट बघताहेत, औषधाचं कुठवर आलं म्हणून."

"माझा आवाज भोंग्यातून येतो?"

"सोमवारपासून. मला वाटलं, मन मोकळं करताय."

ऑपरेटरबाई फोनवर वाकल्या. बटणांशेजारच्या कागदी पट्टीवर त्यांनी बोट ठेवलं. "ही वरून कुणी कापली? सगळी नावं एकेक बटण वर सरकलीत. 'शांतता' भोंग्याच्या बटणावर आलीय, आणि 'गोदाम' तुमच्या घराच्या."

"तरीच बायको विचारते, ट्रक कुठं लावू." साहेब खुर्चीत बसले. "मीच कापली. वर धाकट्या भावाचं नाव होतं. सोमवारी भांडण झालं."

"म्हणजे 'घर' दाबलं की त्यांना फोन लागतो."

"मला वाटलं, तो माझ्या घरी येऊन बसलाय. आवाज ऐकला की ठेवून द्यायचो."

"ते रोज मला विचारतात, दादा फोन करून गप्प का बसतो. त्यांचा फोन जोडायचा नाही, हा तुमचाच हुकूम."

साहेबांनी घसा साफ केला. "बाई, चुकलं माझं. राजीनामा राहू दे."

दिवा अजून तांबडाच होता. खालून टाळ्या ऐकू आल्या.

साहेबांनी घाईनं तो बंद केला. "जरा धाकट्याला जोडून द्या."

"मी कशाला?" बाई म्हणाल्या. "'घर' दाबा की."

आम्ही बाहेर आलो, दार लावून घेतलं. मामांनी लगेच दाराला कान लावला.

"काही ऐकू येत नाही," ते म्हणाले. "म्हणजे गळती मी बंद केली. लिही. खाली सही माझी."

मी वही पुढे केली. पण सहीसाठी दार सोडायची त्यांची तयारी नव्हती.