दोन्हीकडची चेन्नव्वा

सुधाक्का फासा टाकण्याआधी त्याला कुंकू लावतात. मग खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे वळून म्हणतात, "तूही बघ हां." आणि मग टाकतात. दान चांगलं पडतं. हेच मला सहन होत नाही.

दर रविवारी दुपारी कुवेंपुनगरातल्या आमच्या घरी आम्ही चौघं जेवणाच्या टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतो. प्रत्येकानं एक काल्पनिक पात्र घ्यायचं आणि त्याच्या वतीनं बोलायचं. माझी बायको रेखा गोष्ट पुढे नेते, राक्षस आणते, संकटं आणते. त्यातून सुटायचं की मरायचं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो; आकडा जितका मोठा तितकं चांगलं. कॉलेजपासून मी हा खेळ खेळतोय. माझा योद्धा वीरधवल. त्याची तलवार, चिलखत, शपथा, सगळं मी मन लावून रचलंय.

सुधाक्का म्हणजे दोन घरं सोडून राहणाऱ्या, टेलिफोन ऑफिसातून रिटायर झालेल्या कानडी बाई. एकदा डबा परत द्यायला आल्या, "अय्यो, हे काय रे सुम्ने, उगाच बडबडताय?" म्हणून टेकल्या, त्या आजतागायत उठल्या नाहीत.

त्यांच्या पात्राचं नाव चेन्नव्वा. ती सूर्यमंदिरातली पुजारीण. तळहातातून पवित्र प्रकाश काढून जखमा बऱ्या करते. इथपर्यंत ठीक. पण ती रानातल्या जुन्या दैवतांनाही मानते. झाडांतली, डबक्यांतली, मंदिरानं वाळीत टाकलेली. सकाळी मंत्र, संध्याकाळी वारुळापाशी कोंबडं.

"अक्का, ही दोन्ही दैवतं एकमेकांची वैरी आहेत," मी पहिल्याच दिवशी सांगितलं.

"असतील. दोघांना जेवायला घातलं की झालं, अल्वा? नाही का?"

एकदा पुलावर राक्षस आडवा आला. वीरधवलनं खणखणीत आव्हान दिलं, माझं दान पडलं तीन. चेन्नव्वानं राक्षसावर तीर्थ शिंपडलं, मग पुलाखाली लिंबू पुरून ओढ्याला म्हणाली, "आई, तुझं पोर उपाशी दिसतंय." दान पडलं वीस. राक्षस रडायला लागला. रेखा तर हसून हसून टेबलावर कोसळली. "वा, सुधाक्का! वा!"

असली "वा" लग्नापासून आजवर माझ्या वाट्याला आलेली नाही. चौथा खेळाडू प्रकाश, रेखाच्या ऑफिसातला. तोही आता खेळातलं दार उघडण्याआधी चेन्नव्वाला विचारतो. वर अक्का घरी तळलेले कुरकुरीत निप्पट्टू आणतात, ते खाऊन सगळे पुन्हा त्यांचंच कौतुक करतात.

शेवटी मी नियमांचं जाडजूड पुस्तक काढून बसलो आणि हवं ते पान सापडलं. पुढच्या रविवारी, खेळ ऐन रंगात असताना, मी ते रेखापुढे सरकवलं. मंदिराची आणि रानाची, दोन्ही विद्या धरणाऱ्याच्या दोन्ही विद्या जातात.

रेखानं माझ्याकडे पाहिलं ते चांगलं नव्हतं. पण ती नियमाची पक्की. "अक्का, चेन्नव्वाला एक निवडावं लागेल."

सुधाक्कांनी फासा खाली ठेवला.

"आमचे हे आजारी होते ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी नजरबादच्या देवळात रोज अभिषेक करायची. आणि कुणाला न सांगता वेशीवरच्या मारम्मा देवीला लिंबांची माळ घालून यायची. हे गेले. सासूबाईंना माळेचं कळलं. म्हणाल्या, दोघांना एकत्र बोलावलंस, म्हणून एकही आला नाही." त्यांनी पदराचं टोक सरळ केलं. "मी अजून विचार करते रे, कुणाला निवडायला हवं होतं. इथं तेवढं निवडावं लागत नाही."

प्रकाशनं निप्पट्टू तोंडात तसाच धरला होता.

"या टेबलावर दोघंही येतात," रेखा म्हणाली.

हे वाक्य मी म्हणायला हवं होतं. तेही तिनं आधी म्हटलं.

खेळ पुढे सरकला. दलदलीतला साप वीरधवलला डसला. विष चढत होतं, आता वाचवणारी एकच. सुधाक्कांनी चेन्नव्वाच्या तळहातात पवित्र प्रकाश बोलावला, रानातल्या सगळ्यांना हाका मारल्या, आणि फासा टाकला.

दोन.

त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझा योद्धा आठवेना. रेखा घाईनं म्हणाली, "अक्का, पुन्हा टाका. चालेल."

"बेडा. नको." त्या फाशाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "चेन्नव्वा त्याचा हात धरून बसते. तो जाईपर्यंत. एवढं नियमात बसतं का रे, श्रीधर?"

पुस्तक माझ्यासमोर उघडंच होतं. मी त्यात पाहिलं नाही.

"बसतं, अक्का."

त्यांनी टेबलावरून हात पुढे केला. मी माझा दिला.