घरचाच चष्मा

ज्या दिवशी डॉक्टरांनी बाहेर येऊन काकू गेल्याचं सांगितलं, त्या दिवशी काकूंचे यजमान, कंपाउंडर, स्वतःच्या चष्म्यावर बसले. उभे होते, ऐकलं, आणि मागच्या बाकावर टेकले. चष्मा त्याच बाकावर काढून ठेवलेला. काड्या एकीकडे, काचा एकीकडे! मग नर्सने काकूंच्या वस्तू पिशवीत घालून हातात दिल्या. त्यात काकूंचा चष्मा होता. डोळ्यांना चष्म्याची सवय म्हणून त्यांनी तो डोळ्यांवर चढवला आणि घरी आले. तो काही पुन्हा उतरला नाही.

आता काकूंचा चष्मा होता लांबचा आणि कंपाउंडरांचा जवळचा. दोघं मिळून संसारात काही म्हणजे काही नजरेतून सुटत नसे! पण एकट्या लांबच्या चष्म्याने जवळचं सगळं धुक्यात गेलं. दाढी अंदाजाने होऊ लागली. फ्रेम तर अशी बसली, जशी हत्तीला बाळाची टोपी! कानांमागे वळ उठले. पण नवा करायचा म्हणजे हा डबीत घालून ठेवायचा, आणि ते त्यांना करायचं नव्हतं. गोष्ट एवढीच. ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती.

त्यांची पुतणी एका प्रयोगशाळेत कामाला होती. माणसं वाचतात कशी, हे तिथे तपासत. वाचताना डोळा कुठे थांबतो, कुठून मागे फिरतो, हे कॅमेरा टिपे. त्या वेळी मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो, हे एक मोठं यंत्र दाखवी.

“काका, आम्हाला वयस्क माणसं मिळत नाहीयेत. याल का?”

“वाचायला? अगं, आयुष्यभर डॉक्टरांचं अक्षर वाचून औषधं दिली, एक माणूस दगावला नाही! तुमचं छापील म्हणजे पोरखेळ!”

बोलून गेले. चष्म्याची आठवण मागाहून आली. पण आता माघार घ्यायची तर कारण सांगावं लागणार!

दुसऱ्या दिवशी ऑपरेटरबाईंनी त्यांची हनुवटी एका आधारावर टेकवली. “मान हलवायची नाही. फक्त डोळे. चष्मा तुमचाच ना?”

“घरचाच आहे,” कंपाउंडर म्हणाले. खोटं काय होतं त्यात?

पडद्यावर मजकूर आला. मधमाश्यांबद्दल असावा, निदान एक माशी मोठ्या अक्षरात होती. बाकी ओळींवर मुंग्या चालल्यासारखं दिसत होतं. कंपाउंडरांनी डोळे वर नेले, खाली आणले, एका शब्दावर तीनदा जाऊन हात हलवत परत आले. कॅमेऱ्याला घाम फुटायची वेळ आली.

“आता प्रश्न,” पुतणी म्हणाली. “राणीमाशी पोळ्यात काय करते?”

“सगळं तिच्या जिवावर चालतं. आणि तिला बाहेर जायला सवड नसते.”

“बरोबर! आणि राणीमाशी मेली तर?”

कंपाउंडरांनी चष्म्याची काडी कानामागे सारखी केली. “काही दिवस कोणाला काही सुचत नाही.”

“हेही बरोबर!”

विभागाचे प्रोफेसर आलेख पाहून खुर्चीतून उठलेच. “डोळे रानोमाळ भटकतायत आणि अर्थ मात्र अचूक! हा माणूस अक्षरं न पाहता वाचतो! डॉक्टरांचं अक्षर वाचून वाचून मेंदूने वेगळीच वाट काढलीय!”

“सर, पुन्हा एकदा तपासून—” पुतणी म्हणू लागली.

“मेंदू तपासू! उद्याच!”

संध्याकाळपर्यंत त्यांनी दुसऱ्या विद्यापीठातल्या दोन पाहुण्यांना बोलावलंसुद्धा. कंपाउंडरांना वाटलं, आता तरी सांगावं. पण प्रोफेसरांनी शेजारच्या खोलीतल्या लोकांना बोलावून त्यांची ओळख करून द्यायला सुरुवात केली होती. नवरदेवाने मांडवातून पळावं कसं?

दुसऱ्या दिवशी यंत्राच्या दाराशी ऑपरेटरबाईंनी हात पुढे केला. “चष्मा.”

“तो निघत नाही.”

“म्हणजे?”

“नाकाला सवय झालीय.”

“काका, आत केवढं चुंबक आहे! धातूची फ्रेम नाकासकट घेऊन जाईल!”

कंपाउंडरांनी चष्मा काढला आणि गुपचूप बनियनमध्ये सरकवला. बाईंनी अंगावरून तपासणीची दांडी फिरवली. दांडी छातीशी येऊन केकाटली! चष्मा जप्त झाला.

“घाबरू नका, आमच्याकडे प्लॅस्टिकची फ्रेम आहे. तुमच्या नंबरची भिंगं घालून देते. हे स्पष्ट की हे?”

इथे खोटं बोलावं असं त्यांनी ठरवलं होतं. पण औषधाच्या मापात कधी फसवाफसवी केलेली नाही. तोंडातून खरंच निघालं. “हे.”

आणि जवळचं जग परत आलं! बाईंच्या कोटावरचा शाईचा डाग दिसला. स्वतःच्या हाताची नखं दिसली, आणि ती किती वाढलीत तेही.

आत आडवे झाल्यावर डोळ्यांसमोर मजकूर आला. कंपाउंडर तो सरळ वाचत गेले. बाहेर पडद्यावर त्यांचे डोळे कवायतीला निघालेल्या शिपायांसारखे ओळीने चालले होते. पाहुण्यांनी प्रोफेसरांकडे पाहिलं.

“हे तर अगदी साधं वाचन आहे.”

प्रोफेसर गडबडले, पण क्षणभरच. “म्हणजे चुंबकाने मेंदू पूर्ववत झाला! याहून मोठा शोध!”

“गुडघ्यांवरही होतो का परिणाम?” एका पाहुण्याने हळूच विचारलं.

तेवढ्यात ऑपरेटरबाई जप्त चष्मा उजेडात धरून म्हणाल्या, “सर, या चष्म्याचा आणि यांच्या नंबरचा काही संबंध नाही. आणि ही फ्रेम लेडीज आहे.”

पुतणीने चष्मा हातात घेतला. “हा काकूचा आहे.”

“मला सगळं ऐकू येतंय,” यंत्रातून आवाज आला.

बाहेर आल्यावर प्रोफेसर कडाडले, “अहो, विचारलं होतं ना, चष्मा तुमचाच का म्हणून!”

“मी घरचाच म्हणालो होतो.”

प्रोफेसर पाहुण्यांना चहाला घेऊन गेले. ऑपरेटरबाईंनी प्लॅस्टिकची फ्रेम परत मागितली, आणि पुतणीने काकूंचा चष्मा परत दिला. कंपाउंडरांनी तो पुसला आणि चढवला. बाईंच्या कोटावरचा डाग गेला.

जिन्यात पुतणीने त्यांचा दंड धरला. पायऱ्या दिसत नव्हत्या, हे आता तिला माहीत होतं.

“काका, आधी का नाही बोललात?”

“काय बोलायचं होतं त्यात?”

खाली आल्यावर ती म्हणाली, “तुमचा नंबर मी दुकानात कळवून ठेवलाय. फक्त जाऊन फ्रेम निवडायची. उद्या जाऊ?”

“जाऊ की!”

त्याला आता बरेच दिवस झाले. फ्रेम निवडायची राहिली आहे.