ढीग फोडणारे आप्पा

सखाहरीआप्पांनी मला वाचवलं. हे आधी सांगून टाकतो, कारण काय झालं ते सांगायला लागलो की माझी गाडी घाबरत घाबरत चालते आणि आभार शेवटी राहूनच जातात.

आप्पा मांडवगण फराट्याचे. आमच्या फोटो स्टुडिओच्या मागच्या गल्लीत राहतात. लग्नाला गेले की ते आधी मांडवात शिरत नाहीत. दारात चपलांचा जो ढीग पडलेला असतो, त्याच्यासमोर उकिडवे बसतात आणि जोड्या लावायला घेतात. बायकांच्या एकीकडं, गड्यांच्या एकीकडं, पोराटोरांच्या पुढं. जिचा जोडीदार सापडत नाही ती भिंतीला टेकवून उभी. एकदा एका पाहुण्यानं त्यांना चपला राखणारा माणूस समजून सांगितलं, "मामा, माझ्या नीट ठेवा हां." आप्पा म्हणाले, "ठिवतो की. पर आधी अंगठा शिवून घ्या, जेवून येईस्तवर टिकायचा न्हाई."

"ढिगाला वारा लागत न्हाई," हे त्यांचं पालुपद. जन्मभर कांदा पिकवला, चाळीत साठवला. ढीग लावला की आतला एक कांदा गरम होतो आणि शेजारच्या दहांना घेऊन जातो, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. आता वय झालं, कांदा सुटला, पण हात सुटला नाही. चिवडा दिला तर शेंगदाणे, डाळं आणि पोहे वेगळे करून मगच खातात. बँकेत गेले तर रांग निवडतात. "पेन्शनवालं हिकडं या, नुसतं पासबुक भरायचंय ते तिकडं." लोक कुरकुरत सरकतातही. वर आतला कॅशियर म्हणतो, आप्पा आले की काम लवकर उरकतं.

माझं नेमकं उलट. मी हिंगोलीकडचा. नववीत शाळा सोडली आणि चुलतभावाच्या मागं इकडं शिरूर-दौंडच्या पट्ट्यात आलो. कंपनीत काही टिकलो नाही. मग स्टुडिओत आधी लाईट धरला, मग कॅमेरा, मग कॉम्प्युटरवर बसलो. घरापासून लांब राहणाऱ्याला एक खोड लागते. कपडे, आधार कार्ड, आईनं दिलेली लोणच्याची बरणी, सगळं एकाच पिशवीत. एका जागी असलं की हरवत नाही, असं वाटत राहतं.

त्याच बुद्धीनं मी आप्पांच्या नातीचं लग्न साठवलं.

नात म्हणजे थोरल्या मुलाची मुलगी. दिली वरवंडला. इकडच्या लग्नात नवरानवरीपेक्षा सत्काराला जास्त वेळ लागतो. माईकवाला एकेक नाव पुकारतो, तो माणूस स्टेजवर येतो, फेटा, शाल, नारळ, आणि फोटो. एकाचाही फोटो चुकला तर तो माणूस पुढं लग्नघराच्या दारावरून जातो पण आत येत नाही. म्हणून मी कोणालाच सोडलं नाही. साखरपुडा, हळद, लग्न, सत्कार, ड्रोनचं शूटिंग, कॅमेऱ्याची सगळी मेमरी कार्डं एकाच फोल्डरात ओतली. फोल्डरला नाव दिलं 'सगळं'. कार्डं पुसून पुढच्या लग्नाला गेली.

त्या दिवशी मालक शिरूरला दुसऱ्या शूटिंगला निघाले. जाताना म्हणाले, "गजा, दुपारनंतर वरवंडचे पाहुणे अल्बमचे फोटो निवडायला येणारेत. काढून ठेव."

मी 'सगळं'वर क्लिक केलं. खिडकी उघडली, पांढरी झाली, आणि तशीच राहिली. वर एक हिरवी रेघ मुंगीसारखी सरकत होती, तीही थांबली. मी परत क्लिक केलं. आणखी एक पांढरी खिडकी. मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. दौंडच्या एका रिपेअरवाल्याला फोन लावला. तो जेवता जेवता म्हणाला, "हँग होतंय? फॉरमॅट मारून टाक." फॉरमॅट मारला की काय उरतं, हे मला माहीत होतं. नोकरीसुद्धा उरत नाही.

तेवढ्यात आप्पा आले. रोज येतात, आमचा पेपर वाचायला. म्हणजे आधी त्याची पानं सुटी करायला.

"काय रं गजा, तोंड का उतरलंय?"

"आप्पा, तुमच्या नातीचं लग्न उघडत नाही."

"लग्न तर झालं की चांगलं."

मी सांगितलं. आप्पांनी खुर्ची ओढली आणि ते पांढऱ्या पडद्याकडं बघत बसले. "सडलंय का आतलं?"

"माहीत नाही. तो म्हणतो, सगळं पुसून टाक."

"वा रं शाणा. कांदा नासलाय का न्हाई ते बघायच्या आधीच चाळ पेटवायची व्हय?" मग जरा वेळानं, "ह्यो मशीन दार उघडल्याबरोबर करतो काय?"

मी विचार केला. "प्रत्येक फोटोचं बारकं चित्र काढून दाखवतं."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

आप्पा इतके हसले की टोपी मागं सरकली. "म्हंजी पावणा दारात आला की तिथंच फेटा बांधायचा, नारळ द्यायचा, आन् मग आत घ्यायचा. मागं गाव खोळंबलंय आन् ह्यो दारात सत्कार करतोय. अडकंल न्हाईतर काय हुईल? सत्कार बंद कर त्याचा."

मला कॉम्प्युटरची वही-पुस्तकं कधी मिळाली नाहीत, पण ते सेटिंग मी कधीतरी बघितलं होतं. एका बारक्या रिकाम्या फोल्डरात गेलो आणि तिथून चित्रं दाखवणं बंद केलं. नुसती नावं दाखव, असं सांगितलं. मग 'सगळं' उघडलं. मशीननं दम घेतला. आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि नावांची रांग खाली उतरायला लागली, न संपणारी.

"हायती का?"

"हायती आप्पा." माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. तोवर आप्पांनी चहा मागवला. मग म्हणाले, "आता ढीग फोड. येकदम न्हाई. कडंकडंनं."

वेळेप्रमाणं रांग लावली आणि थोडे थोडे उचलून नव्या फोल्डरात टाकत गेलो. मी एकेक फोटो उघडून दाखवला की कोणता कुठं, ते आप्पा सांगत होते आणि नावंही तेच देत होते. 'भावकी'. 'वरवंडकर'. 'निमोण्याचे पावणे'. 'पुढारी'. आणि एक 'रुसणारे'. "हे पैलं दाखवायचं. त्यांचं पोट भरलं की बाकीचे आपोआप जेवत्यात." लहान झालेलं प्रत्येक फोल्डर खटकन उघडत होतं.

शेवटी आप्पा म्हणाले, "अजून येक कर. नाव दे, घर."

"त्यात काय टाकू?"

"फेट्याचा हाय येक. धाकट्याचा."

शोधला. स्टेजवर आप्पांचा दौंडला राहणारा धाकटा मुलगा खुर्चीत बसलाय, आणि थोरला त्याला फेटा बांधतोय. दोघंही कॅमेऱ्याकडं बघत नाहीत. मला आठवलं, माईकवाल्यानं दौंडचे पाहुणे म्हणून धाकट्याचं नाव पुकारलं तेव्हा थोरला क्षणभर जागचा हलला नव्हता. यजमान म्हणून मग पुढं व्हावंच लागलं.

"सख्खा भाऊ आणि सत्कार?" मी विचारलं.

"नाव मीच दिलं माईकवाल्याला." आप्पा पडद्यावरची नजर काढत नव्हते. "वाटणी झाल्यापास्नं दोघं बोलत न्हाईत. वाटणी बी मीच केली. येक वाटी हिकडची तिकडं न्हाई. लई नीट झाली." मग पुटपुटल्यासारखं म्हणाले, "तवा वाटलं, मोकळं झालं की वारा लागंल."

मी दुसरा फोटो शोधला. दोघं एकत्र असलेला दुसरा नव्हता.

"येकच हाय तर," आप्पा म्हणाले. "राहू दे. ह्यो बाकीच्यात मिसळू नको."

पाहुणे आले. 'रुसणारे' उघडलं, आणि रुसायला कोणाला जागा उरली नाही. संध्याकाळी मालकांना काही सांगावंच लागलं नाही. पण मी सांगितलं.

मागच्या आठवड्यात दौंडहून धाकट्या मुलाचा फोन आला. तो फेट्याचा फोटो मोठा करून पाहिजे, दोन प्रती. दुसरी कोणाला, ते मी विचारलं नाही. आप्पांना सांगितलं तर त्यांनी पेपरची सुटी केलेली पानं पुन्हा एकात एक घातली आणि घडी करून ठेवली. हे मी पहिल्यांदाच बघितलं.

नातीला दिवस गेलेत म्हणे. बारशाला कॅमेरा मी नेणार, कोणी बोलावो न बोलावो. दोन्ही भावांना पाळण्याच्या दोन बाजूंना उभं करीन, आणि 'घर'मध्ये दुसरा फोटो टाकीन. आप्पांचं माझ्याकडं जे राहिलंय, ते मला असंच फेडता येईल.