केत्तुनेनांच्या तळघरातील कार्यक्षमता

वायनो केत्तुनेन यांनी दगड घोटण्याचे यंत्र घरी आणले, ही घटना सुपीरियर सरोवराच्या काठावरच्या आमच्या ऑटर कोव्ह गावात विशेष मानली जाण्याचे काही कारण नव्हते. इथे हिवाळा अर्धे वर्ष मुक्काम ठोकतो आणि प्रत्येक निवृत्त माणसाला तळघर असते. तळघरात काहीतरी गुरगुरत राहिले की नवरा घरात आहे हे बायकोला कळते, आणि ते कळवण्यासाठी नवऱ्याला वर जावे लागत नाही. कित्येक संसार या व्यवस्थेवर सुखाने चालले आहेत.

केत्तुनेनांच्या यंत्राला मात्र निमित्त होते. वसंतातल्या एका वादळानंतर वायनोची बायको लेम्पी आणि तिची थोरली बहीण हिल्मा किनाऱ्यावर दगड वेचायला गेल्या होत्या. तिथे दोघींना एकाच क्षणी एक अकीक, म्हणजे घोटला की झळकणारा रेघांचा दगड, दिसला. कोंबडीच्या अंड्याएवढा, तांबूस, आत कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या पांढऱ्या रेघा. एवढा अकीक सापडला की आमच्या गावात बातमी होते आणि ज्याला सापडला त्याच्याशी चार जण बोलणे सोडतात. दोघी एकदम वाकल्या, दोघींची डोकी आपटली, आणि "मी आधी पाहिला" यावरून सत्तरीच्या त्या दोघी वाळूतच भांडल्या. शेवटी लेम्पीने माघार घेतली, कारण हिल्मा त्या शरदात गाव सोडून लेकीकडे ॲरिझोनाला कायमची जाणार होती.

"घे, तुझा," लेम्पी म्हणाली. "तिकडे वाळवंटात सरोवराची आठवण आली तर हातात धरायला काहीतरी हवं ना. पण असा खडबडीत नको नेऊस. वायनोकडून घोटून देते. आरशासारखा."

हिल्माने वायनोला त्याच्या लग्नापासून पाहिले होते. "वायनोकडून?" एवढेच ती म्हणाली.

यंत्र साधे होते. खाली मोटार, वर स्प्रिंगांवर बसवलेले पातेल्याएवढे भांडे. भांड्यात दगड, खरखरीत पूड आणि थोडे पाणी घालायचे. भांडे थरथरते, दगड एकमेकांवर घासत खालून वर, वरून खाली फिरत राहतात. मग क्रमाक्रमाने बारीक पूड, आणि शेवटी चकाकी. लेम्पीने त्याचे नाव थरथऱ्या ठेवले.

थरथऱ्या सुरू झाला. भांडे थरथरले, तळघर थरथरले, वर स्वयंपाकघरातल्या फळीवरचे कप थरथरले. दगड तेवढे फिरेनात. अकीक आणि त्याच्या सोबतीला घातलेले साधे खडे तळच्या चिखलात जागच्या जागी कुडकुडत बसले.

आता वायनोने ही अडचण मला कॉफी पिताना सांगितली असती, तर कॉफी कपाच्या तळाशी पोचण्याआधी प्रश्न मिटला असता. पण त्याने ती ऑटर कोव्ह पाषाणप्रेमी मंडळाच्या मासिक सभेत मांडली. मी मंडळाचा चिटणीस आहे. भांड्यात पाणी जास्त झाले आहे, हे मला ऐकताक्षणीच समजले. परंतु विषय सभेपुढे आला होता, आणि सभेपुढे आलेल्या विषयाला सरळ उत्तर देणे आमच्या मंडळाच्या परंपरेत बसत नाही.

अध्यक्षा बर्निस प्रिडो शिक्षण खात्यातून निवृत्त झालेल्या. तिथे त्या शाळांची गुणवत्ता तपासत असत. त्यासाठी शाळेत जावे लागत नसे. त्यांनी तत्काळ 'कार्यक्षमता वृद्धी उपसमिती' नेमली. अध्यक्षा त्या स्वतः, चिटणीस मी, आणि वायनो निमंत्रित. यंत्र त्याचे असल्यामुळे त्याला मताधिकार देणे योग्य ठरले नसते.

उपसमितीने तळघराला भेट दिली. लेम्पीने वेलदोडा घातलेला गोड पाव आणि कॉफी आणली. चर्चा सुरू होण्याआधी मी सहज पळीने थोडे पाणी काढून टाकले. लगेच भांड्यातला चिखल दाटला, दगडांना पकड मिळाली आणि ते कूस बदलल्यासारखे हळूहळू फिरू लागले. अकीक वर आला, डोकावला, परत खाली गेला.

लेम्पीने टाळ्या वाजवल्या. "झालं की!"

"काय झालं?" बर्निसबाईंनी विचारले.

"फिरायला लागले ना! सुधारलं यंत्र."

"सुधारलं? कशाच्या तुलनेत? आधीची स्थिती नोंदवलीय का कुणी?"

कुणीच नोंदवली नव्हती.

"मग सुधारणा झाली असं म्हणता येणार नाही, लेम्पी. फार तर दगड फिरतायत असं म्हणता येईल."

त्यामुळे काढलेले पाणी परत घालण्यात आले. दगड पुन्हा थांबले. ती स्थिती बर्निसबाईंच्या समाधानापर्यंत नोंदवण्यात आली, मग पाणी पुन्हा काढण्यात आले, आणि तुलना न्याय्य व्हावी म्हणून सर्व काही अगदी पहिल्या, खरखरीत पुडीपासून सुरू झाले. हेच पुढे उपसमितीचे धोरण ठरले. कोणतीही सुधारणा झाली की घोटणी पहिल्यापासून.

सुधारणा पुष्कळ झाल्या. लाकडी टेबल यंत्राची थरथर गिळते, असे आढळल्यावरून ते मोडून यंत्र थेट फरशीला बोल्टने आवळले. पहिल्यापासून. फरशीतून थरथर घरभर पसरून लेम्पीचे कप फळीवरून चालत येऊन पडू लागले, म्हणून खाली ट्रकच्या टायरचे रबर घातले. पहिल्यापासून. भांडे काठापर्यंत भरलेले असावे असे ठरले, पण एवढे खडे घरात नव्हते. तेव्हा वायनोने अंगणातल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीवरचे दगड काढून, फोडून आत घातले. केत्तुनेनांसारख्या मूळच्या फिनलंडच्या घरातल्या सौनाचे दगड काढणे म्हणजे देवघरातले देव पेपरवेट म्हणून वापरण्यासारखे आहे. लेम्पी त्या शनिवारी टॉवेल खांद्यावर टाकून सौनाच्या दाराशी उभी राहिली आणि गार चुलीकडे बघून परत आली. ती काही बोलली नाही. वायनोने ते अनुमोदन समजले.

वायनो बदलत चालला होता. आयुष्यभर रस्ते खात्यात बर्फ ढकलण्याच्या गाडीवर बसलेला, हो आणि नाही एवढ्यावर भागवणारा माणूस. आता तो जेवताना "बटाटे इकडे येऊ दे, प्रवाह खंडित झालाय" असे म्हणू लागला. भांड्याला कान लावून बसे. आवाज कालच्यापेक्षा गोल आहे की चौकोनी, हे तो मला फोन करून सांगे. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याचे मत विचारत होते, जरी ते मत मोजले जात नसले तरी.

दरम्यान अकीक जर्दाळूएवढा झाला होता.

"बर्निसबाई, दगड आटतोय हो," लेम्पी म्हणाली.

"आटणारच. आटतोय म्हणजे यंत्र काम करतंय. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो आटत होता का?"

"नाही."

"मग? ही प्रगती नाही तर काय?"

"पण हिल्मा जायची वेळ आली. आता चकाकी द्या आणि मोकळे व्हा."

"चकाकी हा शेवटचा टप्पा आहे," मी समजावले. "शेवटचा टप्पा आधीचे सगळे समाधानकारक झाल्यावरच येतो."

लेम्पीने माझ्यासमोरची पावाची बशी उचलून नेली. मी ती गोष्ट मनाला लावून घेतली नाही. सार्वजनिक कामात असे होतेच.

पाने लाल व्हायला लागली तेव्हा सौनाचे दगडही संपत आले होते आणि त्यांच्या जागी चिनी मातीच्या गोळ्या मागवल्या होत्या. त्या झिजत नाहीत, एकसारख्या असतात, कुणाशी भांडत नाहीत. यंत्र इतके सुरेख चालू लागले की बर्निसबाईंनी खुर्ची ओढून नुसते बघत बसायला सुरुवात केली. मात्र मधूनच एक ठोका चुकल्यासारखा आवाज येई. ठक. पुन्हा सुरळीत. पुन्हा ठक. भांडे रिकामे करून शोध घेतला तेव्हा कारण सापडले. गोळ्या निर्दोष होत्या. ठक करत होता तो अकीक. बदामाएवढा उरला होता, पण एका बाजूला अजून नाक होते, आणि ते भांड्याला लागत होते.

उपसमितीची तातडीची बैठक तिथेच भरली. दगडामुळे यंत्राच्या कार्यक्षमतेवर विपरीत परिणाम होत आहे, असा निष्कर्ष निघाला. नाक जाईपर्यंत तो खरखरीत पुडीत चालवावा आणि त्यानंतर भांड्यात दगड घालण्यास कायमची मनाई करावी, असा ठराव मी लिहिला.

वायनोने प्रथमच हात वर केला. "पण मग... घोटायचं काय?"

"वायनो," बर्निसबाई मायेने म्हणाल्या, "तो वापराचा प्रश्न झाला. आपल्यापुढे कार्यक्षमतेचा आहे."

वायनोने हात खाली घेतला. त्याला ते पटले असावे, किंवा न पटल्यास काय म्हणायचे असते ते त्याला ठाऊक नसावे.

हिल्माचा जावई तिला न्यायला मोठी गाडी घेऊन आला, त्याच दिवशी आम्ही ठरावाच्या अंमलबजावणीसाठी जमलो होतो. ठक थांबले होते. झाकण काढले. गोळ्या चाळणीत ओतल्या, धुतल्या, ताटात पसरल्या, एकेक बोटांनी सरकवून पाहिली. अकीक सापडला नाही. ठरावाची अंमलबजावणी आमच्याआधीच पूर्ण झाली होती.

बर्निसबाईंचा चेहरा उजळला. तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. लेम्पी पुढे, तिच्यामागे कठड्याला धरून हिल्मा, अंगात प्रवासाचा कोट.

"निघालेय रे, वायनो," हिल्मा म्हणाली. "माझा दगड दे."

 रिकामे यंत्र मागे मंजुळ गुणगुणत होते. ते बंद करण्याचे कुणाला सुचले नव्हते. वायनो हातातल्या चाळणीकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले.

"हिल्मा," तो म्हणाला, "तो संपला."

"संपला म्हणजे?"

"म्हणजे... खूप चांगला चालला. आणि संपला."

बर्निसबाई काही मुद्दे मांडणार होत्या, पण लेम्पीने त्यांच्याकडे असे पाहिले की त्यांनी चष्मा पुसायला घेतला. लेम्पीने चाळणीखालच्या बादलीत हात घातला. तळाशी दाट गाळ बसला होता. तिने मूठभर उचलून खिडकीच्या उजेडात धरला. करडा, पण कडेला किंचित तांबूस. ती फळीवरची जॅमची रिकामी बरणी घेऊन आली, तिने तो गाळ चमच्याने बरणीत भरला, झाकण घट्ट लावले, एप्रनने बरणी पुसली आणि बहिणीच्या हातात दिली.

"हा घे. आरशासारखा घोटून देते म्हटलं होतं ना."

हिल्माने बरणी वर धरून हलवली. "हाच तो?"

"सगळा आहे. कण वाया गेला नाहीये."

"नीट बघ हं, यात सौनाचे पण दगड असतील."

"ते तुला वर फुकट."

हिल्माच्या ओठांचा कोपरा हलला. मग लेम्पीचा. मग त्या दोघी एकमेकींचे खांदे धरून अशा हसल्या की हिल्माला जिन्याच्या पायरीवर बसावे लागले. हसता हसता केव्हातरी ते हसणे राहिले नाही, पण खांदे तसेच हलत होते आणि हात सुटले नव्हते. मी आणि बर्निसबाई यंत्राकडे तोंड करून उभे राहिलो. अशा प्रसंगी यंत्र बरे पडते.

वायनो तिला गाडीपर्यंत सोडायला गेला. "मी दुसरा शोधून देईन," तो म्हणाला. "देवाशपथ. किनारा पालथा घालीन."

"शोध," हिल्मा काच खाली करून म्हणाली. "पण घोटू नकोस."

वायनो त्यानंतर सभेला आला नाही. पहिला बर्फ पडेपर्यंत तो रोज किनाऱ्यावर वाकून चालताना दिसे. सौनाच्या चुलीत नवे दगड त्यानेच बसवले. यंत्र त्याने मंडळाला देऊन टाकले, आणि ते बरेच झाले, कारण राज्य मेळाव्यात आम्हाला ते मांडता आले. काचेच्या झाकणाखाली नुसत्या गोळ्या घेऊन ते दिवसभर फिरत होते, एकही ठोका चुकला नाही. लोक थांबत, माना डोलावत, आवाजाची तारीफ करत. एका बाईंनी यात ठेवायचे काय असते असे विचारले, तेव्हा रांगेतल्या मंडळींनीच त्यांना शांत केले. आम्हाला उत्कृष्ट कार्यक्षमतेचे पदक मिळाले. ते बर्निसबाईंकडे असते.

लेम्पी आता दर रविवारी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या जुन्या फोनवरून हिल्माला फोन करते. तार खरखरते, अर्धे ऐकू येत नाही, दोघी ओरडून बोलतात, आणि तिकडे उष्णता किती आहे आणि इकडे बर्फ किती आहे यावरून भांडतात. मी एकदा सदिच्छेने म्हणालो की ही खरखर सहज दुरुस्त होण्यासारखी आहे. लेम्पीने रिसीव्हरवर हात ठेवून मला दार कुठे आहे ते दाखवले.

अशा सुधारणाविरोधी वृत्तीबद्दल मंडळाला खेद आहे. सुदैवाने आपण वाचक तसे नाही. आपला फोन दर वर्षी अधिक वेगवान, अधिक सपाट आणि अधिक स्वच्छ आवाजाचा होत आला आहे, आणि प्रत्येक वेळी काय काय सुधारले ते आपण तोंडपाठ सांगू शकता. आपल्या बहिणीला त्यावरून शेवटचा फोन कधी केलात, हा वापराचा प्रश्न आहे. त्यात मंडळ पडू इच्छित नाही.