तेंडोलकरांची कोरियन करंजी

तेंडोलकर काका करंजी तव्यावर ठेवण्याआधी तिच्यावर टॉर्च मारून बघतात.

टॉर्च कामावरची, पेनाएवढी, कायम शर्टाच्या खिशाला अडकवलेली. काका वेल्डिंग इन्स्पेक्टर आहेत. तीस वर्षं त्यांनी तेलाच्या पाइपांचे सांधे तपासले, आणि तीच नजर ते घरी घेऊन येतात. आपण केलेली करंजी ते दोन बोटांत उचलतात, खालून उजेड पाडतात, मुरडीच्या कडेने सावकाश फिरवतात. पीठ कुठे पातळ दिसलं, कुठे मुरड सुटलेली असली, की "रिपेर!" म्हणून ती पुन्हा आपल्या पुढ्यात. माझा नवरा समीर चांगला इंजिनिअर आहे, पण त्याच्या तीनांतल्या दोन करंज्या रिपेरला जातात. "साहेब, ह्यो सांधो पाइपलाइनीत असतो तर अर्धा मस्कत उडाला असता," असं काका त्याला शांतपणे सांगतात.

आम्ही मस्कतच्या अल् खुवैर भागात एकाच इमारतीत राहतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, काका तिसऱ्यावर, एकटे. ओळख झाली तेव्हा जिन्यात म्हणाले, "वहिनी, शुक्रवारी मांडू आहे, या सगळी."

"काय मांडायचं आहे? पूजा?" मी विचारलं. नारळ घेऊन जावं का, हेही मनात येऊन गेलं होतं.

पूजा नव्हती. मांडू म्हणजे कोरियन लोकांची करंजी. मैद्याची पातळ पारी, आत चिकनचा खिमा, कोबी, पातीचा कांदा, काचेसारख्या पारदर्शक शेवया. काका ती शिकले सहमला, मस्कतपासून दूरच्या एका गावात. तिथे कामाच्या कॅम्पात कोरियन लोकांची मेस होती. उन्हाळ्यात दुपारी काम बंद असायचं आणि एसी फक्त मेसमध्ये धड चालायचा, म्हणून काका तिथे जाऊन बसत. आचारी मिस्टर चो रिकामा माणूस बघू शकत नसे. त्याने काकांच्या हातात मीठ लावलेला चिरलेला कोबी दिला आणि पिळायची खूण केली.

"भाषा काय बोलायचात?" मी विचारलं.

"यल्ला आणि खलास. यल्ला म्हटलं की पिळायचं, खलास म्हटलं की थांबायचं. पण तो खलास म्हणायचाच नाही."

काका अजून कोबी तसाच पिळतात. कोकणातून आणलेल्या पंच्यात बांधून, दात-ओठ खाऊन, शेवटचा थेंब निघेपर्यंत. "पाणी आत रवला की सांधो सुटलो!" मग पाऱ्या लाटायच्या, भरायच्या, मुरडायच्या, टॉर्चखालून पास करून घ्यायच्या. तव्यावर तेलात बूड खरपूस करायचं, अर्धी वाटी पाणी शिंपडून झाकण, आणि पाणी आटलं की पुन्हा चुरचुर. वर सोया, व्हिनेगर आणि तिळाची चटणी. आमची नऊ वर्षांची रेवा एरवी जेवायला तास लावते. मांडूच्या शुक्रवारी ती पाऱ्या लाटल्या जात असल्यापासून ताट घेऊन बसलेली असते.

अशाच एका शुक्रवारी सगळे खात असताना काकांचा फोन वाजला. पडद्यावर 'घर'. काकांनी घाईने घास गिळला, चेहरा पाडला आणि म्हणाले, "होय, जेवलंय. डाळ-भात. भात वायचसो करपलो… नाय गो, खाल्लंय तसोच."

समोर चाळीस खरपूस करंज्या होत्या. आम्ही एकमेकांकडे बघितलं. काकांनी फोन ठेवला आणि काहीच न घडल्यासारखी चटणी पुढे सरकवली.

कारण कळलं ते काकू पहिल्यांदाच मस्कतला यायच्या ठरल्या तेव्हा. इतकी वर्षं त्यांना कुडाळ सोडता आलं नव्हतं. मुलाची शाळा, गुरं, आणि शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. त्या मागच्या वर्षी गेल्या, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, आणि काकूंचा व्हिसा आला. त्याच संध्याकाळी काका दोन खोकी घेऊन आमच्या दारात उभे.

"वहिनी, हे महिनाभर तुमच्याकडे राहू दे."

खोक्यांत तिळाचं तेल, सोयाच्या बाटल्या, शेवयांची पाकिटं, तो जाड बुडाचा तवा, झाकण, लाटणं. सगळं स्वयंपाकघर.

"काका, काकूंना दाखवा की! केवढा आनंद होईल त्यांना."

काका खोक्याची कड नखाने खरवडत राहिले. "घरात माका साधी चाय करूक येणा नाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वर्षातला एक महिना मी घरी जातो. उतरल्यापासून ती चुलीसमोर. घावणे काय, माशाचं तिकलं काय. 'थंय तुमका कोण करून घालतला?' म्हणते नि वाढते. अकरा महिने ती ह्याच काळजीत असते की मी उपाशी आहे. आता मी सांगू, बाये, मी तुझ्यापेक्षा बरा जेवतो?"

मी खोकी आत घेतली.

काकू आल्या. लहानखुऱ्या, चपळ, सामानात निम्मी बॅग कोकम, कुळथाचं पीठ आणि वड्यांचं पीठ. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर काका चहा करत होते. म्हणजे करून दाखवत होते. दूध उतू घालवलं, साखर विसरले, आणि काकूंनी हसत त्यांच्या हातातून सांडशी काढून घेतली. "बघितलास गो?" त्या मला म्हणाल्या. "ह्येंचे कसे दिवस गेले असतीत हयसर!" काका माठ चेहऱ्याने खुर्चीत जाऊन बसले. इतका चांगला नट मी बघितलेला नाही.

शुक्रवारी काकूंनी आम्हाला कोंबडी-वड्यांना बोलावलं. वडे टम्म फुगलेले, रस्सा असा की समीर बोलायचाच बंद झाला. रेवाला मी घरून निघताना बजावलं होतं. पण तिचं मराठी शाळेतल्या इंग्रजीच्या आडून वाट काढत येतं, आणि माझी सूचना बहुधा वाटेतच हरवली.

"काकू," ती म्हणाली, "आज मांडू नाही? काका किती छान करते! बेस्ट इन बिल्डिंग."

समीरला ठसका लागला. मी पाणी द्यायच्या निमित्ताने उठले. काका म्हणाले, "टीव्हीवरचा कायतरी सांगता ती." काकूंनी रेवाच्या ताटात आणखी एक वडा घातला, आणि तो विषय जणू निघालाच नाही.

दुसऱ्या दिवशी काका भाजीला गेल्यावर त्या खाली आल्या. सोफ्यावर बसल्या, घर छान ठेवलंय म्हणाल्या, आणि मग थेट, "ह्येंचा सामान तुझ्याकडे आसा मा?"

खोटं बोलायला मला वेळच मिळाला नाही. मी मान हलवली.

"माका ठावक होता," काकू म्हणाल्या. "आज नाय. आठ वर्सां झाली."

त्या वर्षी गणपतीला काका रजेवर घरी होते. काकू नैवेद्याचे एकवीस मोदक करत होत्या. एकोणीस झाले आणि सासूबाईंनी हाक मारली म्हणून त्या उठून आत गेल्या. परत आल्या तर ताटात एकवीस. शेवटच्या दोन मोदकांच्या पाकळ्या अशा बारीक आणि घट्ट, की काकूंनाही तशा जमल्या नसत्या. ओटीवर काका पेपर वाचत होते.

"पेपरावर पिठाची बोटां," काकू म्हणाल्या, आणि पदर तोंडाशी धरून हसल्या.

"मग तुम्ही विचारलं नाही?"

"कित्याक विचारू? मी म्हटलंय, ह्यो माणूस माझ्यासाठी उपाशी रवल्याचा नाटक करता. करूंदे. माका पण बरा वाटा. वाढताना बरा वाटा." त्यांनी पदर खाली सोडला. "आता घरात वाढूक कोण नाय गो. सासूबाय गेले, झील पुण्याक. आता माका ह्ये काय करतत, ता खावचा आसा."

पुढच्या शुक्रवारी आम्ही चौघं सरळ वरातच घेऊन वर गेलो. पुढे काकू लाटणं घेऊन, मागे मी शेवया आणि बाटल्या, समीरच्या हातात तवा, रेवाकडे झाकण. काकांनी दार उघडलं. आधी लाटण्याकडे बघितलं, मग काकूंकडे.

"ह्या… ह्या खंयसून इला?"

"करा," काकू म्हणाल्या. "कोबी चिरून ठेवलंय."

काकांनी त्यांच्या हातातलं लाटणं घेतलं. मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पंचा शोधायला आत गेले. कोबी पिळला, पाऱ्या लाटल्या, करंज्या मुरडल्या. काकू शेजारी उभ्या राहून त्यांचे हात बघत होत्या. पहिला घाणा तव्यावर चुरचुरायला लागला तसं त्यांनी सवयीने ताटल्या काढायला घेतल्या, पाण्याचे पेले भरायला वळल्या.

"तू बस," काका म्हणाले. "उठा नको."

काकू बसल्या. पण हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. टेबलावर ठेवले, मांडीवर घेतले, पदर सारखा केला. काकांनी पहिली बशी आणून त्यांच्यासमोर ठेवली. आमच्यापैकी कोणी हात पुढे केला नाही. काकूंनी करंजी मोडली, तोंडात घातली, आणि आतली वाफ लागून तोंड उघडंच राहिलं.

"सावकाश! गरम आसा ता," काका घाबरून म्हणाले.

"आसांदे." काकूंनी डोळे पुसले आणि घास चावत राहिल्या. "सगळ्यांका वाढून माझ्या ताटात येयपर्यंत सगळा थंडच जाता. गरम कसा लागता, ताच विसारलंय मी."

काका ओट्याकडे वळले आणि पुढचा घाणा लावला. त्या तव्यात एका वेळी बारा करंज्या आरामात मावतात. त्या दिवशी ते तीनच टाकत होते. तीन झाल्या की काकूंच्या बशीत, मग पुढच्या तीन. आम्ही तिघं तासभर रिकाम्या बशा घेऊन बसलो होतो, आणि रेवानेसुद्धा एकदाही तक्रार केली नाही.