हुशार पोराला कॉपी

पाणीपुरवठा कचेरीतल्या इंजिनिअरचा नव्या मशीनवर पोटच्या पोरासारखा जीव होता. जमिनीखालच्या पाइपांचा आवाज ऐकून कुठे गळतंय ते हे मशीन बसल्या जागी सांगे. "डॉक्टरला नाडी तरी धरावी लागते," तो भेटेल त्याला ऐकवी, "हे लांबूनच रोग ओळखतं!"

आज बडे साहेब त्याची परीक्षा घ्यायला येणार होते. पसंत पडलं तर मशीन शहरभर, नाही तर खोक्यात भरून परत.

आणि ऐन वेळी इंजिनिअरचा धीर सुटला. आज नेमकं कुठे गळलंच नाही तर? हुशार पोराच्या खिशात कॉपी कोंबणाऱ्या बापासारखा तो चावीवाल्या काकांकडे धावला. गल्लोगल्ली पाणी सोडायचं आणि बंद करायचं काम या काकांचं.

"काका, मागच्या बागेतला नळ सोडून ठेवा. मशीन गळती म्हणून पकडेल."

"मशीनचं सोडा, तुम्ही नका सापडू म्हणजे झालं," काका म्हणाले आणि नळ सोडून आले.

बडे साहेब आले, खुर्ची ओढून मशीनच्या पडद्यासमोर बसले. अक्षरं उमटली : "मागच्या बागेत पाणी वाहत आहे. ही गळती नाही. गळती हळूहळू वाढते, हे एकदम सुरू झालं. कोणीतरी हाताने नळ उघडला आहे."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणी हो?"

इंजिनिअरच्या घशाला कोरड पडली. पाणी खात्यात असा दुष्काळ प्रथमच.

तेवढ्यात दुसरी ओळ आली : "खरी गळती पहिल्या मजल्यावर, बड्या साहेबांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीत."

साहेब ताडकन उठले. त्या भिंतीच्या ओलीपायी त्यांनी रंगारी बदलले होते, खिडकीला दोष दिला होता, शिपायाला चहाच्या किटलीसकट दुसऱ्या टोकाला धाडलं होतं. भिंत फोडली, तर आतल्या पाइपाने साहेबांना नखशिखांत अंघोळ घातली.

"मशीन पास," ओली बाही पिळत साहेब म्हणाले. "शहरभर बसवा. कॉपी मात्र तुमची पकडली गेली. जा, तो नळ बंद करून या. स्वतः."

इंजिनिअर खाली गेला. मान खाली होती, पण छाती फुगलेली, पोरगं बोर्डात पहिलं आल्यासारखी. नळ बंद करून तो ऐटीत वळला, तोच वरच्या खिडकीतून काकांनी डोकं काढलं.

"साहेब, अजून जरा आवळा. ठिबकतोय म्हणतंय."